सगळं श्रेय बोल्टला नको
लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींची (ट्रिगरजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या) अचूकता बोल्ट (काडतुसामागून बॅरल बंद करणारा भाग) पुढे लॉक व्हायला लागल्यामुळेच सुधारली, हे मत अर्धंच पटलं. विंचेस्टर ९४ चं लॉक मागे, तर विंचेस्टरच्याच १९५५ च्या मॉडेल ८८ च्या फिरत्या बोल्टचे तीन लग (अडकणारे दाते) थेट चेंबरपाशी (काडतूस बसतं तिथे), फरक पडतोच. पण ९४ सारख्या रायफलींच्या बॅरलखालची मॅगझिनची (काडतुसं साठवायची) नळी विसरलात! ती बँडने बॅरलला आवळलेली. बॅरल तापलं की ताण बदलतो आणि नेम सरकायला लागतो. शिवाय आत काडतुसं एकामागे एक, म्हणजे टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीवर). म्हणून बोथट गोळ्या, आणि त्यांचा वेग लांबवर लवकर मरतो. सॅव्हेज ९९ या लिव्हर रायफलने नळीऐवजी फिरतं मॅगझिन देऊन हे केव्हाच सोडवलं होतं. (लॉक त्याचंही मागेच, बरं का!)