बंद पेट्रोल पंपाच्या जागेवर बांधायचंय, मातीत डिझेल मुरलंय, साफसफाईचा कुठला पर्याय घ्यावा?

गडग्यापलीकडे
नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. संगमेश्वरच्या अलीकडे हायवेला लागून आमच्या काकांची २२ गुंठे जागा आहे. १९८६ पासून तिथे पेट्रोल पंप होता, २०१४ ला बंद झाला. जागा कंपनीला भाड्याने होती, मुदत संपल्यावर त्यांनी टाक्या नि मशीनं काढून नेली, खड्ड्यात मुरूम भरला नि गेले. आता आम्ही खाली चार गाळे आणि वर लॉजिंग काढतोय. जूनच्या आधी पायाचा एक खड्डा मारला तर सहाएक फुटांवर माती काळी-निळसर लागली आणि असा भपकारा आला की जेसीबीवाल्याने बिडी विझवली आणि खालीच उतरला.

मग एक कन्सल्टंट बघितला. त्याने ऑगस्टमध्ये येऊन पाच ठिकाणची माती आणि उताराच्या बाजूला राहणाऱ्या काकूंच्या विहिरीचं पाणी नेलं. रिपोर्ट असा की जुन्या डिझेल टाकीपाशी दोन भोकांत तेल भरपूर, बेन्झीन (पेट्रोलमधलं विषारी रसायन) कुठेच नाही, विहीर स्वच्छ. सोबत चार पर्यायांना मार्क दिलेला तक्ता: सगळी माती खणून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला पाठवा ८२, जागेवरच ढीग करून जंतूंनी साफ करा ६१, पंप लावून मातीतली वाफ ओढा ५८, वर काँक्रीट घालून तसंच ठेवा ४०. म्हणजे ८२ वाला घ्यायचा का? खर्च ऐकून काका गप्पच बसलेत. आणि एक, काकूंचं म्हणणं असं की दर मे महिन्यात त्यांच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, पावसात जातो. कन्सल्टंट म्हणाला मनाचे खेळ.

नाखवा_७२
काँक्रीट टाका आणि मोकळे व्हा. गावात कोण विचारायला येतंय.

कातळवाट
नाखवा, काकू विचारायला येतील ना, त्यांची विहीर आहे ती.

दादा, त्या तक्त्याकडे नंतर बघू, आधी काकूंचं खरं धरा. डिझेल-पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलावर तरंगतं. आपल्याकडे पावसात पाणी पार वर येतं आणि मे मध्ये विहिरी तळाला जातात, कितीतरी मीटरचा फरक. पाणी वर-खाली झालं की तेलही त्याबरोबर वर-खाली जातं आणि वाटेतली सगळी माती माखून ठेवतं. पावसात ते पाण्याखाली मातीच्या बारीक छिद्रांत अडकून बसतं, पाणी उतरलं की निथळून पुन्हा वर जमतं. म्हणून वास मे मध्येच येणार. ऑगस्टमध्ये बाटली भरून विहीर स्वच्छ म्हणणं म्हणजे गणपतीत येऊन गाव नेहमी असंच भरलेलं असतं म्हणण्यासारखं आहे. त्यात आपला जांभा दगड. सच्छिद्र आणि भेगा कुठून कुठे गेल्यात देवाला ठाऊक, तेल सरळ खाली न जाता भेगेने तिरकं निघून जातं, त्यामुळे पाच भोकांत हाताला लागलं नाही म्हणजे नाहीच असं धरता येत नाही.

दुसरं, बेन्झीन नाही हे मला पटत नाही. डिझेलमध्ये ते कमी असतं, पेट्रोलमध्ये असतं. मग पेट्रोलच्या बाजूला भोकं मारली का? गळती नुसती टाकीला होते असं नाही, पाइपाचे जोड, मशीनच्या खालची जागा, टँकर रिकामा करायचं तोंड, खरी ठिकाणं ही. आणि नमुने कशात नेले ते आठवतंय का?

गडग्यापलीकडे
आठवतंय ना, मीच धरली होती. वाण्याकडच्या साध्या प्लास्टिक पिशव्या. त्या दिवशी नेमकी उघाड होती, जेवून येईपर्यंत पिशव्या गाडीच्या बॉनेटवर होत्या 😐

कातळवाट
झालं मग. बेन्झीन उडून जाणारी वस्तू आहे, बॉनेटवर तास-दोन तास ठेवल्यावर लॅबला काय सापडणार. असा नमुना घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून लगेच बर्फात ठेवायचा असतो. म्हणजे ते ८२ मार्क अर्ध्या माहितीवर दिलेत.

आता पर्यायांचं. मार्कांचा तक्ता वाईट नाही पण कशाला किती वजन द्यायचं हे तुम्ही ठरवायचं, कन्सल्टंटने नाही. त्याने 'लवकर होणे' याला जास्त वजन दिलं असणार म्हणून खणणं पहिलं आलं. हिशोब करून बघा, ४० बाय २५ फूट आणि १० फूट खोल खणलं तर १०,००० घनफूट म्हणजे १०० ब्रास, टनात साधारण ४८०. डंपरमध्ये १६ टन धरा, ३० खेपा, एकेक खेप अडीचशे किलोमीटरच्या आसपास आणि तेही आपल्या हायवेने. शिवाय तळोज्याला नेलं की तिथे आधी माती तपासतात आणि मग ठरवतात की नुसती पुरायची, काही मिसळून स्थिर करायची की भट्टीत जाळायची. तिन्हीचे दर वेगळे, जाळण्याचा सगळ्यात जास्त. कोटेशनमध्ये यातलं कुठलं धरलंय ते विचारा. आणि दहा फुटांच्या आत कातळ लागला तर बकेट चालणार नाही, ब्रेकर लागेल, आणि पेट्रोलची वाफ साठलेल्या खड्ड्यात ब्रेकरची ठिणगी नको. वाफेचं मीटर हातात असल्याशिवाय कोणाला खाली उतरवू नका.

वाफ ओढायचा पंप पेट्रोलला चांगला, डिझेलला जवळपास निरुपयोगी, कारण डिझेल पटकन उडत नाही. आणि पावसाळ्यात मातीत पाणीच भरलेलं, हवा फिरणार कुठून.

बंदरावरची_वैदेही
ढीग करायचं काम मी जवळून बघितलंय, आमच्या इथे जेटीवर ट्रॉलरला डिझेल द्यायची टाकी गळली होती तेव्हा. माती खणून जाड प्लास्टिकवर कमरेएवढे ढीग घातले, आत भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप आणि ब्लोअर. युरिया आणि डीएपी पाण्यात कालवून मारायचे कारण जंतूंना नुसतं तेल पुरत नाही, नत्र-स्फुरद पण लागतं, साधारण १०० भाग कार्बनला १० नत्र नि १ स्फुरद असं गणित होतं. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये इतकीच ओल. ऑइलझॅपर नावाचं टेरी संस्थेने काढलेलं जंतूंचं मिश्रण मिळतं, पण बरेचदा मातीतलेच जंतू हवा-खत मिळालं की कामाला लागतात. डिझेलचा हलका भाग आधी जातो, जड भाग रेंगाळतो.

आमची चूक ऐका. काम सुरू झालं फेब्रुवारीत. मे अखेरीस तेल निम्म्यावर आलं होतं आणि तेवढ्यात वळवाचा पाऊस, ताडपत्री उडाली, ढिगाचा चिखल आणि तेलकट पाणी सरळ खाडीत. लोकांनी अक्षरशः धुतलं आम्हाला. त्यामुळे करायचं तर दिवाळी झाली की लगेच सुरू करा, म्हणजे सहा-सात कोरडे महिने मिळतात. ढिगाभोवती बांध घाला आणि पाणी साठायला एक खड्डा ठेवा. जागा मात्र लागते, २२ गुंठ्यांत मावेल.

अजून एक, पंप ८६ चा म्हणजे २००० पर्यंतचं पेट्रोल शिसंवालं. पेट्रोल टाकीच्या जागी शिसं तपासा, ते कुठलाच जंतू खात नाही. तेवढी माती लागली तर ती तळोज्याला जाईल, बाकीची कशाला पाठवताय.

वकील_मावशी
भाडेकरार शोधा आधी, मुदत संपल्यावर जागा कुठल्या अवस्थेत परत द्यायची ते कलम बघा. टाक्या काढताना एक्स्प्लोझिव्ह खात्याची, म्हणजे पेसोची, कागदपत्रं झाली असतील, त्याच्या प्रती मागा, टाकीला भोक होतं का ते कधीकधी त्यातच कळतं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, घाण करणाऱ्याने खर्च द्यायचा हे तत्त्व त्यात आहे. म्हणून काका, स्वतःच्या खिशातून सगळं उरकण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि प्रदूषण मंडळाला प्रत द्या. आणि काँक्रीट घालून गाळे विकले नि नंतर कुणाला कळलं तर तेव्हा कंपनी नाही, तुम्ही सापडाल.

कातळवाट
मावशींना अनुमोदन. आणि नकाशाच हलवता येतो का ते पण बघा. डिझेल टाकीची जागा रस्त्याच्या बाजूला असेल तर तिथे मोकळं पार्किंग ठेवा आणि गाळे मागे सरकवा. बंद एसी खोलीच्या खाली वाफ मुरत असेल तर ती फरशीच्या फटीतून वर येते, मोकळ्या खांबांच्या पार्किंगमध्ये वारा घेऊन जातो. असं केलं की सगळ्यात घाण भाग खणायचा, मधला ढिगात घालायचा आणि कडेचा थोडा राहिला तर त्यावर नजर ठेवायची. चारातला एकच निवडायचा असं कुठे आहे? पण नजर ठेवायची म्हणजे काकूंच्या बाजूला दोन-तीन नळ्या पुरून मे आणि ऑक्टोबर दोन्ही वेळी पाणी तपासायचं. आणि तोवर काकूंनी ती विहीर मोटर लावून उपसू नये, उपसा जेवढा जास्त तेवढं तेल तिकडे ओढलं जातं. पिण्याच्या पाण्यात बेन्झीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, वास येतोय म्हणजे प्यायला बंदच करा.

गडग्यापलीकडे
आजच काकूंकडे जाऊन आलो. त्यांनी कळशी दाखवली, आतून गळ्याशी तेलकट पिवळा कंगोरा बसलाय, चिंचेने घासून पण जात नाही म्हणाल्या. मी लाजलो. आमच्या नळाची लाइन गडग्यावरून त्यांना देतोय उद्या. काकांना करार सापडला, ट्रंकेत होता, वाळवीने कडा खाल्ल्यात पण कलम वाचता येतंय. कन्सल्टंटला परत नमुने घ्यायला सांगितलं तर म्हणतो काचेच्या बाटल्या तुम्ही आणा. त्या कुठे मिळतात?

बंदरावरची_वैदेही
लॅबच देते, फुकट. तो तसं म्हणत असेल तर कन्सल्टंट बदला.