पाणलवंगावरचे निळे भुंगेरे: हे फ्ली बीटलच आहेत का?

प्रश्न (भांडुपकर): भांडुपच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत साचलेल्या पाण्यात पाणलवंग (लुडविजिया) माजली आहे. तिच्या पानांवर धातूसारखी निळी झाक असलेले, जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचे भुंगेरे दिसतात आणि बोट जवळ नेताच टुणकन उडी मारून नाहीसे होतात. पानांची चाळण झाली आहे, पण शेजारच्या टाकळ्याला एक भोकही नाही. हे फ्ली बीटल (पिसवांसारखी उडी मारणारे भुंगेरे) असावेत का? हा गट केवळ उष्ण प्रदेशातला आहे का?

रानवाटा: वर्णन अल्टिका सायनिया या फ्ली बीटलच्या जातीशी जुळते. तिचे प्रौढ आणि अळ्या दोन्ही लुडविजियाची पाने खातात आणि हे भातातले तण असल्याने ती खाचरांतही सापडते. टाकळा शाबूत राहिला यात नवल नाही, कारण या गटातील बहुतेक जाती एखाद्या वनस्पतीशी किंवा तिच्या कुळाशी बांधलेल्या असतात. फायलोट्रेटा प्रजातीला तर मोहरीकुळातील जी तिखट द्रव्ये इतर कीटकांना दूर ठेवतात, त्यांचाच वास खेचून आणतो.

कीटकवेडा: उडीचे रहस्य मागच्या फुगीर मांडीत आहे. आत वळलेली एक टणक स्प्रिंग असते. स्नायू तिच्यात ताण साठवतात आणि तो एकदम सुटताच भुंगेरा फेकला जातो. समरेंद्र मौलिक यांनी १९२९ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला ‘मौलिकचा अवयव’ म्हणतात. (ब्रिटिश भारताच्या प्राणिसूचीतील या गटाचा १९२६ चा खंडही त्यांचाच.) मात्र उडी न मारणाऱ्या जवळच्या भाऊबंदांशी जनुकीय तुलना केल्यावर ही स्प्रिंग एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असावी असे दिसते, त्यामुळे केवळ पायावरून गट ठरवणे मला धोक्याचे वाटते.

रानवाटा: प्रदेशाविषयी सांगायचे राहिले. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत मिळून या गटाच्या आठ हजारांहून अधिक जाती आहेत. वैविध्य उष्ण कटिबंधात जास्त असले तरी थंड देशही त्यांना वर्ज्य नाहीत. काही जातींचा पसारा माणसाने वाढवला: युरेशियातील फायलोट्रेटा स्ट्रायोलाटा उत्तर अमेरिकेत पोहोचून कॅनोला या मोहरीकुळातील तेलबियांच्या पिकाची डोकेदुखी झाली, तर दक्षिण अमेरिकेतील अगासिक्लिस हायग्रोफिला अॅलिगेटर वीड हे पाणतण खाण्यासाठी १९६४ मध्ये मुद्दाम अमेरिकेत सोडण्यात आली. नाशिककडे द्राक्षावर येणारा उडद्या मात्र वेगळ्या उपकुळातला आहे.

कीटकवेडा: भांडुपकर, जमल्यास मागची मांडी स्पष्ट दिसेल असा बाजूने घेतलेला फोटो टाका; गटाचा अंदाज त्यावरून येईल. जातीची खात्री करायची झाल्यास नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते, कारण निळ्या अल्टिका वरवर एकसारख्याच दिसतात.