अर्धायुष्य दोनदा उलटलं म्हणजे सगळं संपलं?
कुणीतरी लिहिलंय, आयोडीन-१३१ या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य (म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ) ८ दिवस, म्हणून १६ दिवसांत ते संपतं. नाही हो! दर ८ दिवसांनी उरलेल्याचं निम्मं होतं, मूळच्याचं नाही. १०० मिलिग्रॅमचे ५०, मग २५.

खरी गंमत २० दिवसांना आहे. २० ला ८ ने भागा, २.५ अर्धायुष्यं येतात. ०.५ चा २.५ वा घात म्हणजे सुमारे ०.१७७, म्हणजे १७.७ मिलिग्रॅम उरलं. इथे बरेच जण १६ दिवसांचे २५ आणि २४ दिवसांचे १२.५ यांची सरासरी काढून १८.७५ लिहितात. ते चूकच, कारण घट सरळ रेषेत होत नाही, वक्र असते.

उलट, किती उरलंय त्यावरून काळ काढायचा असेल तर लॉगॅरिदम (घातांक शोधून देणारी गणिती क्रिया, थोडक्यात लॉग) लागतो. कार्बन-१४ (अर्धायुष्य ५७३० वर्षं) ३० टक्के उरला असेल, तर लॉग ०.३ भागिले लॉग ०.५, म्हणजे १.७४ अर्धायुष्यं, जवळपास ९९५० वर्षं.