मदत हवी आहे: पावसात बर्गेन, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात नॉर्वेतल्या बर्गेनला एकच दिवस हाताशी आहे आणि अंदाज दिवसभर पावसाचा. वर्षाला २००० मिमीच्या वर पाऊस पडणारं गाव, त्यामुळे तक्रार नाही. पण आईचे गुडघे दुखतात.

सकाळी ब्रिग्गेन, म्हणजे जुना बंदरकाठ, नक्की. १७०२ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेली ती लाकडी घरं बाबांना बघायचीच आहेत. मधल्या बोळांत खाली फळ्या आहेत, त्या ओल्या झाल्यावर फार निसरड्या होतात का? फ्लोयेनच्या डोंगरावर फ्युनिक्युलरने (डोंगर चढणाऱ्या केबल रेल्वेने) जायचं होतं, पण ३२० मीटरवर ढगच बघायचे असतील तर तिकिटाचे पैसे पाण्यात! त्याऐवजी कोडे संग्रहालयात मुंकची चित्रं बघावीत म्हणतो. की संगीतकार एडवर्ड ग्रीगचं घर, ट्रोल्डहाउगेन? ट्रामच्या स्टॉपपासून तिथे बरंच चालावं लागतं. आईला झेपेल का, की सरळ टॅक्सी करावी?

बाबा मासळीबाजारात खूश होतील, आई मात्र शुद्ध शाकाहारी. जवळपास तिला गरम सूप वगैरे कुठे मिळेल? आणि वाऱ्यात छत्री टिकते का, की रेनकोटच घ्यावेत? आधीच धन्यवाद.