अनुभव धागा: पोट्टे मोबाईलवर नेमकं काय करून राहिले?

बर्डीवाली:
काल रात्री अकराला दहावीतल्या लेकीच्या खोलीत डोकावले. मोबाईल डब्याला टेकवलेला, पडद्यावर अमरावतीची एक मुलगी मान खाली घालून लिहितेय. ही पण लिहितेय. दोघी गप्प! "आई, माईक बंद आहे, अभ्यास चाललाय." ती उठत नाही म्हणून हीपण उठत नाही, म्हणे. ओळख इन्स्टावरची, वह्यांचे फोटो टाकता टाकता झालेली. मला एकदम आपल्या नागपुरातल्या बर्डीवरचं सायबर कॅफे आठवलं. दोघी मैत्रिणी एका खुर्चीत, ऑर्कुटवर (तेव्हाचं फेसबुकच म्हणा) स्क्रॅप, म्हणजे निरोप, लिहायला अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं पान उघडण्यातच जायची. 2014 ला ऑर्कुट बंद झालं अन् ते सगळं लिहिलेलं गेलं. तुमच्याकडे काय चालतं? लिहा.

तर्रीजास्त:
इन्स्टाचं किशोरांचं खातं रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प करतं ना? आमच्या पोट्ट्यानं त्यावर जन्मसाल 2001 टाकलं. माझ्या लग्नाआधीचा निघाला बाप्पा.

अंबाझरीकर:
😂 आमचा तेरा वर्षांचा. तलावावर फोटो काढला, मी म्हटलं बगळा. त्यानं पक्ष्यांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तर: चोच काळी, पाय काळे, बोटं पिवळी, म्हणजे छोटा बगळा. गायबगळ्याची चोच पिवळी असते. मी आजवर सरसकट बगळाच म्हणत आलो. आता पोरगं रविवारी पाचला उठवते.

खसवाला_कूलर:
2020 ला घरात एक फोन, पोरगी नववीत, पोरगा सातवीत. मैत्रिणींनी ग्रुपवर वह्या टाकल्या म्हणून तिचं गणित तरलं. त्याच ग्रुपवर नंतर तिच्या फोटोची घाण चेष्टा. आठ दिवस धड जेवली नाही. शाळेत गेलो तर म्हणे, हे शाळेबाहेरचं आहे.

बर्डीवाली:
अगं बाई. आता कशी आहे?

खसवाला_कूलर:
बरी आहे जी. कॉलेजात आहे. ग्रुप सोडला, त्यातली एक मैत्रीण मात्र अजून घरी येते.

संत्राबर्फी:
आधी स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, पोरं घाबरून पुसून टाकतात. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर बोलता येतं. (घाईत आहे, कुकर लावलाय.)

तर्रीजास्त:
कूलरभाऊ, यंदा खस काय भाव?

खसवाला_कूलर:
नाव आहे फक्त, दुकान नाही 🙏

अंबाझरीकर:
बर्डीवाली, ते कॅफे म्हणजे पायऱ्या चढून, खाली झेरॉक्सवालं?

बर्डीवाली:
हो! तुम्हाला कसं माहीत?

अंबाझरीकर:
एका खुर्चीतल्या त्या दोघी तुम्ही होय? आमचा नंबरच नाही येऊ दिला कधी.