चर्चा: धूर मारणारी जुनी स्प्लेंडर घ्यावी का? "हाफ इंजिन केलं की झालं" हे कितपत खरं?

वाळूजकर:
कालची पोस्ट: "स्प्लेंडर, २०१२, धूर मारते, थोडा आवाज आहे, २४ हजार. हाफ इंजिन केलं की शोरूमची गाडी. डोळे झाकून घ्या." (हाफ इंजिन म्हणजे वरचा अर्धा भाग उघडून ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, पिस्टन आणि रिंगांचं काम; फुल म्हणजे खालच्या क्रँकसकट.) खाली सगळे "बरोबर, बरोबर" म्हणतायत. कुणाच्या तरी कापसाचे पैसे यात जाणार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

धूर आणि आवाज ही दोन वेगळी दुखणी आहेत. निळा धूर सकाळी पहिल्या किकला भसकन येऊन थांबला, किंवा उतारावर एक्सलेटर सोडून परत दिल्यावर आला, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरचं ऑइल अडवणारं रबर, गेलंय. ते स्वस्तात भागतं. एक्सलेटर धरून ठेवला तितका वेळ येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. हे झालं वरचं काम, म्हणजे हाफ इंजिन.

आवाजाचं तसं नाही. वरून बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट, व्हॉल्व्ह दाबणारे खटके. डाव्या बाजूनं साखळी ओढल्यासारखी खरखर म्हणजे टायमिंग चेन. पण इंजिन गरम झाल्यावर, चौथ्या गिअरला हळू गाडी ओढायला लावली की खालून जाड ठकठक येत असेल, तर कनरॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलंय. अशा क्रँकवर नवा ब्लॉक-पिस्टन चढवला की वरचं कॉम्प्रेशन वाढतं, तो सगळा मार त्या ढिल्या कनरॉडवर येतो आणि थोड्याच दिवसांत फुल इंजिन उघडावं लागतं. पैसे दोनदा.

धूर असेल तर भाव पाडून घ्या. ठोका असेल तर परत फिरा.

मांजराकाठ:
दादा, ती पोस्ट माझीच, पण मी विकणारा नाही, ती गाडी मलाच घ्यायचीय. नवी गाडी घ्यायची ऐपत असती तर २४ हजाराची कुणी बघितली असती का? दुधाचे कॅन न्यायला गाडी लागते, आज लागते. हाफ इंजिनला साधारण पाच-सहा हजार, झालं. ठोका ओळखणं सोपं आहे: लांब स्क्रू-ड्रायव्हर क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीला, टेकवून मूठ कानाला लावा. आणि कॉम्प्रेशन बघायला प्लग काढा, भोकावर अंगठा, किक मारा. जोर कमी वाटला तर चहाचा चमचाभर ऑइल आत सोडून परत मारा. जोर वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. यात शोरूमवाल्यांसारखं घाबरवण्याचं काय आहे?

टॅपेट:
चमच्याची चाचणी उभ्या सिलिंडरची आहे. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा. ऑइल खालच्या अंगाला साचतं, रिंगेच्या वरच्या अर्ध्याला पोचतच नाही. त्यावरून "रिंगा चांगल्या" म्हणाल तर फसाल.

त्यापेक्षा हवा मारा. जुन्या १० मिमी प्लगची चिनीमाती फोडून काढायची, कवचाला ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून घ्यायचा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, दोन्ही टॅपेट ढिले आहेत ना ते बघायचं, गाडी चौथ्यात टाकून मागचा ब्रेक दाबून धरायचा. मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा सोडायची. सायलेन्सरमधून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आला तर इनलेट, ब्रीदरच्या नळीतून (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडते ती) जोरात आला तर रिंगा. ब्रीदरमधून थोडा येणारच, रिंगेला तोंड, म्हणजे दोन टोकांमधली फट, असतेच.

मांजराकाठ:
आडव्या सिलिंडरचं मान्य. पण गावात कोण एवढं करून देतं?

कोरडवाहू:
मूळ रोग कुणी बोलत नाही. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल! पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, ठरलेला, म्हणजे जुन्या गाडीला हवेच्या मानानं इंधन कमी पडणार, ती गरम चालणार. ॲव्हरेज घटतं, कार्बोरेटरमधलं फ्लोटचं रबर फुगतं, पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या कपात पाणी. आणि हे इथेनॉल येतं आपल्याच उसातून. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्याच पट्ट्यात ऊस वाढवायचा आणि तो टाकीत जाळायचा!

मांजराकाठ:
उसाला नावं ठेवू नका. सोयाबीनला भाव कोण देतो? निदान कारखाना ऊस तरी नेतो. आणि इथेनॉल मक्यापासूनही होतं, ते का बोलत नाही?

कोरडवाहू:
मका तीन-चार महिन्यांत निघतो, ऊस वर्षभर पाणी पितो. पाण्याचे बोअर पाचशे फुटांवर गेले तरी तुमचं "निदान" चालूच.

टॅपेट:
दोघंही थांबा, इथं गाडी घ्यायची की नाही ते चाललंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळणं. पेट्रोलमध्ये काहीही मिसळा, ऑइल वर यायला वाट रिंगेनं नाही तर सीलनंच द्यावी लागते. आपल्याकडं रिंगा खाते ती धूळ. एअर फिल्टरच्या मागचा रबरी बूट फाटला की कच्च्या रस्त्याची माती थेट बोअरमध्ये जाते. तो बूट बोटानं आतून चाचपा. आत मातीचा थर लागला तर मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका.

कोरडवाहू:
धुळीचं खरं आहे. फ्लोटच्या रबराचं मात्र मी मागं घेत नाही.

जालना रोड:
तीन गोष्टी राहिल्यात. धूर आणि आवाज लपवायला विकणारे जाड ऑइल टाकून, गाडी आधीच गरम करून ठेवतात. उन्हाळ्यात फिन नुसत्या उन्हानंही तापतात, म्हणून पहाटे जा आणि किक मारायच्या आधी इंजिनला हात लावून ते थंड आहे ना बघा. ऑइलची स्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. ऑइल दुधी दिसलं तर सावध, ही एअर-कूल्ड गाडी आहे, पाणी बाहेरूनच आलंय. सप्टेंबर २०२५ च्या पुरात बुडालेल्या गाड्या बाजारात येऊ शकतात. हेडलाइटच्या वाटीत गाळ बघा.

दुसरं, विकणारा "दुसरं जुनं इंजिन बसवून देतो" म्हणाला तर नको. क्रँककेसवरचा नंबर आरसीशी जुळला नाही तर ट्रान्सफर अडतं. मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवायचा ३५, यावर आधी सह्या. २०१२ चं पासिंग २०२७ ला पंधरा वर्षांचं होतं, रिन्युअलचा खर्च त्यात धरा. नवी हाय-सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का तेही विचारा.

तिसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली, जुनीचा भाव मात्र विकणारे पूर्वीचाच सांगतात.

वाळूजकर:
आणि हाफ इंजिन केलंच तर नुसत्या रिंगा बदलून घेऊ नका. ब्लॉक उतरवल्यावर बोअरच्या वरच्या तोंडाशी नख फिरवा. कडा लागली तर बोअर झिजलाय, त्यात नव्या रिंगा बसत नाहीत, पुन्हा धूर. पिस्टनच्या माथ्यावर ०.२५, ०.५० असं काही कोरलंय का बघा, म्हणजे बोअर तेवढा मिमी खरवडून मोठा पिस्टन टाकलाय. १.०० असेल तर आधीच सगळं खरवडून झालंय, ब्लॉकच नवा लागेल. मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चाक, हातानं मागे-पुढे हलवा. पिस्टन हलायच्या आधी मधे रिकामी जागा जाणवली तर कनरॉडला खेळ आहे. आजूबाजूचा खेळ चालतो, वर-खालचा अजिबात नाही.

मांजराकाठ:
"डोळे झाकून" हे शब्द काढतो पोस्टमधून. भाव १५ च्या वर जाऊ देणार नाही, आणि ठोका निघाला तर सोडतो. पण धूर मारणारी गाडी गरिबानं घेऊच नये हे मी मानत नाही.

वाळूजकर:
तसं मी म्हटलंच नव्हतं. १५ ला, ठोका नसेल तर, मीही घ्या म्हणेन.

टॅपेट:
प्लगचं कवच करताना कार्बन आत पडू देऊ नका, आणि हवा हळू सोडा. ब्रेक सुटला तर चाक झटक्यानं फिरतं, साडीचा पदर किंवा पोरं जवळ नकोत.