१९६७ ला कोटोको घाबरला नव्हता

कोणीतरी लिहिलंय की १९६७ च्या आफ्रिकी क्लब फुटबॉल चषकाच्या निर्णायक सामन्याला घानामधल्या कुमासी शहराचा क्लब असांते कोटोको आलाच नाही, म्हणजे घाबरला. हा त्या संघावर अन्याय आहे. काँगोच्या एंगलबेर्टशी (आजचा टीपी माझेम्बे) अंतिम फेरीचे दोन्ही सामने १-१ आणि २-२ असे बरोबरीत सुटले होते. तिसरा सामना ठरला, पण ती खबर घानाच्या फुटबॉल संघटनेने क्लबपर्यंत पोहोचवलीच नाही. चषक न खेळताच एंगलबेर्टला गेला!

१९७० मध्ये पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. कुमासीत १-१, आणि मग किन्शासात, प्रतिस्पर्ध्याच्या प्रेक्षकांसमोर, कोटोको २-१ ने जिंकला. माझ्या मते घानाच्या क्लब फुटबॉलमधला हा सर्वात मोठा विजय, १९८३ मध्ये याच चषकाच्या अंतिम फेरीत इजिप्तच्या अल अहलीला हरवलं त्याहूनही मोठा.

१९७० च्या त्या संघाचा गोलरक्षक रॉबर्ट मेन्सा विसरू नका. पुढच्याच वर्षी टेमामधल्या एका भांडणात फुटक्या बाटलीचा वार होऊन तो गेला. इतका गुणी खेळाडू, आणि असा शेवट. अजूनही वाचताना गलबलून येतं.